डोकं शाबूत ठेवायचंय ना? मग निदान या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट. कुडाळ-मालवण पट्ट्यात घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. गुडघे, कंबर, लकवा हे माझं काम. पण ओटीवर चहा आला की बोलणं हमखास डोक्यावर येतं. "ह्येंका आता काय्येक आठवणा नाय." आणि त्याच दमात, "वय झाला आता, काय करतलास?" ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

"वय झालं" हेच निदान समजणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. वयानं नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते शोधणं, हे चालायचंच. पण ज्या माणसाला महिन्याभरापूर्वी कातळावरची प्रत्येक पायवाट पाठ होती, तो आज न्हाणीघराची वाट चुकतो, तेव्हा त्याचं वय त्या एका महिन्यात वाढलेलं नसतं. काहीतरी घडलेलं असतं.

एका घरी आजींच्या गुडघ्यासाठी जायचे. आजोबा सत्तरीच्या पुढचे, सुपारीच्या बागेत रोज फेरी मारणारे. नवरात्राच्या सुमारास पाहिलं तर सकाळी अकरा वाजताही पेंगत होते. चप्पल उलटी घातलेली. घरच्यांनी सांगितलं, "चळलो तो." परसात जायच्या ऐवजी पडवीतच लघवी केली म्हणून सून वैतागलेली. देवाला कौल लावून झाला होता, कुणीतरी बाहेरची बाधा सांगितली होती, अंगारा लावलेला होता. माझं लक्ष गेलं पायाकडे. डावा पाय किंचित ओढत होते, चपलेचा पट्टा जमिनीला घासून आवाज येत होता. विचारलं, कुठे पडले होते का? सगळे एका सुरात नाही म्हणाले. मग सुनेलाच आठवलं: श्रावणात विहिरीच्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले होते. टेंगूळ आलं, हळद लावली, चार दिवसांत उतरलं, विसरून गेले. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू होतीच.

स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्या मधे रक्त साठलेलं दिसलं. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानंही एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबानं झिरपतं, म्हणून लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. कित्येक आठवड्यांनी दिसतात, तोवर घरचे ते पडणंच विसरलेले असतात. कवटीला लहान छिद्रं पाडून रक्त काढलं. तुळशीच्या लग्नाला आजोबा व्यापाऱ्याशी सुपारीच्या दरावरून भांडत होते.

देवाला कौल लावू नका असं मी म्हणत नाही. आधी स्कॅन करा, मग लावा. माझी सवय एवढीच: बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाला असेल, तर "गेल्या दोन-तीन महिन्यांत पडले होते का" हा प्रश्न मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारते. पावसाळ्यानंतर तर नक्कीच. आणि बदल एका रात्रीत झाला असेल तर लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी सुरू झालेली गोळी यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं असेल तर त्याच मिनिटाला, कारण लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला निम्मा वेळ गाडी मिळेपर्यंत जातो.

"आम्ही मासे खातो, आम्हाला कसली कमतरता"

बी-१२ हे जीवनसत्त्व कमी झालं की विसराळूपणा, चिडचिड, पायाला मुंग्या असं सगळं होतं. आणि हो, बांगडा, तिसऱ्या यांत ते भरपूर असतं. पण खाल्लेलं अंगी लागायला हवं. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि वर रोज सकाळी गॅसची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते नीट शोषलंच जात नाही. साधी रक्ततपासणी आहे. थायरॉइडचीही बरोबर करून घ्या. विस्मरणाच्या ज्या थोड्या कारणांवर सरळ इलाज आहे, त्यातली ही दोन.

कानाचं मशीन कपाटात

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि बुद्धी ढासळत जाण्याच्या आजाराचा, धोका वाढवणारी, पण हाताळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी सांभाळली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात वाईट कोलेस्टेरॉल आणि बहिरेपणा यांचा वाटा सगळ्यात मोठा. बीपी, साखर, तंबाखू, दारू, एकटेपणा हेही आहेतच. बीपी शिकवायला नको, पण सुकट-पापड-लोणचं तिन्ही एका ताटात वाढून "बीपीची गोळी घेतंय मा" म्हणणारे रोज भेटतात. आणि बायकांची मिश्री हीही तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे.

बहिरेपणा मात्र कुणी मनावरच घेत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो भलतंच उत्तर देतो, मग घरचे हसतात, मग तो बोलायचाच थांबतो. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाला वेडगळ ठरवायला किती वेळ लागतो? आधी कानातला मळ काढून पाहा. मग तपासणी, मग गरज असेल तर मशीन.

मशीन घेतल्यावरची चूक आणखी पुढची. पहिल्याच दिवशी ते लावून थेट देवळात भजनाला. झांजा, पखवाज, लाऊडस्पीकर सगळं एकदम डोक्यात आदळतं आणि मशीन कायमचं डब्यात जातं. अहो, इतकी वर्षं त्या मेंदूला बारीक आवाज मिळालेलेच नाहीत, ते पुन्हा ओळखायला त्याला काही आठवडे द्या की! घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना लावा. रोज थोडं वाढवा. देऊळ महिन्यानंतर. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्राचा तीन वर्षं अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये छापून आला. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही, पण ज्यांना विस्मरणाचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात श्रवणयंत्रामुळे बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जादू नाही, पण कपाटात ठेवण्याइतकं टाकाऊही नाही.

मोबाईलवरचे डोक्याचे खेळ

मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले चाकरमानी यात पुढे. एक भाऊ मला रोज स्कोअर दाखवायचे. लेव्हल वाढत होती, पण बाजारातून काय आणायचं ते विसरायचे तसेच विसरत होते. त्यात नवल नाही. जे खेळता त्यात तुम्ही तरबेज होता, बाकी आयुष्यात फारसं उतरत नाही. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ११ हजारांहून जास्त लोकांवर हे तपासून झालंय. २०१६ मध्ये तर अमेरिकेत ल्युमॉसिटी या असेच खेळ विकणाऱ्या कंपनीला फुगवलेल्या जाहिरातींवरून २० लाख डॉलर भरावे लागले. सुडोकू आवडतं म्हणून सोडवा, औषध म्हणून नको.

भाऊंना म्हटलं, काहीतरी खरोखर अवघड शिका, जे हात, कान आणि माणसं तिन्ही मागेल. त्यांनी पखवाज धरला. छान! आणि दोन आठवड्यांत विचारायला लागले, गणपतीत डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसता येईल का. शिकवणारे बुवा त्यांना "तिट कत गदि गन" या एवढ्या बोलावरच घोळवत होते, ह्यांना गजर हवा होता. मग यूट्यूबवरून "सात दिवसांत पखवाज" सुरू. हाताला फोड आले, लय बसली नाही, "माझ्या वयाला जमणा नाय" म्हणून पखवाज माळ्यावर.

या घाईचा मला मनस्वी कंटाळा आहे. २००४ मध्ये जर्मनीत तरुणांना तीन महिने तीन चेंडू झेलत फेकायला शिकवलं, तेव्हा स्कॅनमध्ये मेंदूचा काही भाग वाढलेला दिसला. सराव बंद केल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ती वाढ ओसरली. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग झाला. हात बसलेले लोक कमी निघाले, पण ज्यांचा बसला त्यांच्या मेंदूतही बदल झाला होता. तेव्हा वयाची सबब खरी, पण अर्धीच. रोज वीस मिनिटं, एकच बोल, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडायच्या आधी तो तोंडानं म्हणून पाहायचा. चुकलं तरी चालेल. आठवायची ती धडपडच कामाची आहे. रात्री जागून दोन तास बडवण्यापेक्षा झोपा. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. भाऊ आता पुन्हा जातात, आणि बुवांच्या शिव्याही खातात, म्हणजे गाडी रुळावर आहे.

लकव्यानंतर सगळं भरवणं

प्रेमानं होतं, पण नुकसान करतं. उजवा हात गेला की घरचे भरवतात, किंवा माणूस डाव्यानं निभावतो, आणि उजव्याला काही मागितलंच जात नाही. मेंदूही मग त्याचा नाद सोडतो. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञानं यावर उपाय काढला: चांगला हात मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्याकडून तासन् तास काम करून घ्यायचं. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असतील तरच हे जमतं, आणि फिजिओ समोर हवा. घरच्या घरी हात बांधायला जाऊ नका. माझी देशी आवृत्ती सौम्य आहे. मे महिन्यात वाळत घातलेली आमसुलं दुबळ्या हातानं एकेक पलटायची. चिकट असतात, बोटांना चिमटा धरावाच लागतो. एका काकूंना पहिल्या दिवशी चार पलटायला अर्धा तास लागला आणि त्यांची लेक मागून "मी करतंय, तू सोड" म्हणत होती. लेकीला बाहेर पाठवलं.

शेजाऱ्याची झोपेची गोळी

घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हातारी माणसं भ्रमात जातात. ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि दवाखान्यात जाताना "ती पांढरी, बारीक" असं सांगायला जाऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, पिशवीत घालून न्या. कागदावर लिहा: पहिला बदल कधी दिसला, कधी पडले, कानाचं काय. तिघं नातेवाईक तीन तारखा सांगतात, म्हणून हे आदल्या रात्री घरीच भांडून ठरवा. शेजाऱ्याची गोळी निघाली तर तीही पिशवीत टाका.