लागरसाठी नोबल हॉप्स कसे निवडायचे

लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर. आधी एक, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय बिअर बनवता येत नाही, त्यामुळे ते काम पहिलं करा. आता हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं. नोबल म्हणजे युरोपातल्या जुन्या, नाजूक वासाच्या जाती, त्या चारच, चेकचा साझ आणि जर्मनीचे हालरटाउ मिटेलफ्रू, टेटनांग, श्पाल्ट. अल्फा ॲसिड (कडवटपणा देणारा घटक) साधारण ३ ते ५ टक्के, म्हणजे कडवटपणा कमी आणि वास नाजूक. पिल्सनर (चेक पद्धतीची कडवट लागर) करायचीय तर डोळे झाकून साझ घ्या, थोडी फुलांच्या वासाची हेलेस (जर्मन सौम्य लागर) हवी असेल तर मिटेलफ्रू, बाकी दोन मिळाले तर उत्तमच.

पण नावापेक्षा ताजेपणा बघा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत पाकीट दिवसभर तापतं आणि वास मरतो, म्हणून हिवाळ्यातच मागवून फ्रीजरला टाका. पाकिटावर हार्वेस्टचं वर्ष आणि अल्फा छापलेलं पाहिजेच. उघडल्यावर दोन-चार पेलेट्स (दाबून केलेल्या हॉप्सच्या गोळ्या) तळहातावर चोळा, मार्केट यार्डात हळद चोळून बघतात ना तसंच, हिरवट मसालेदार वास आला तर मस्त, जुन्या चीजसारखा आला तर सरळ टाकून द्या.

साझ महाग पडतो बरं का, २० लिटरला ३० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) काढायला साडेतीन टक्केवाला जवळपास ७० ग्रॅम लागतो, तेच १२ टक्क्याच्या मॅग्नमने (जास्त कडवट हॉप) २० ग्रॅममध्ये होतं. मग उकळी संपायला ६० मिनिटं असताना मॅग्नम आणि शेवटच्या १० मिनिटांना साझ, माझ्या मते हाच बेस्ट मार्ग. आणि पिल्सनर जिथली, त्या चेकमधल्या पिल्झेनचं पाणी एकदम मऊ, आपल्या बोअरच्या जड पाण्यात तोच कडवटपणा जिभेला टोचतो, तेव्हा आरओचंच पाणी वापरा.