परदेशातल्या भारतीय केंद्रात तबला शिकवायला जायचंय?

कला घेऊन परदेशी जायचं म्हटलं की दौरे आणि मैफली डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात रोजचं काम शिकवण्याचं असतं. मी मॉरिशसमध्ये तबला शिकवला, म्हणून त्याच वाटेबद्दल लिहिते. परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससी द्यावी लागते, तो रस्ता वेगळा.

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, मौलाना आझादांनी १९५० साली स्थापन केली. परदेशातल्या तिच्या केंद्रांमध्ये योग, नृत्य, गायन, तबला शिकवायला भारतातून शिक्षक जातात. नेमणूक कंत्राटी आणि ठरावीक मुदतीची असते. परिषदेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ नको, म्हणून विशारद-अलंकार या संगीत परीक्षांची प्रमाणपत्रं, शिकवण्याच्या अनुभवाचे दाखले आणि वादनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा. पासपोर्टची मुदतही बघून घ्या.

मुलाखतीसाठी कायदे-रेले, म्हणजे तबल्याच्या ठरीव रचना, घोटालच, पण ज्याने तबला कधी पाहिलाही नाही त्याला पहिल्या तासात काय शिकवाल, हे बसवून जा. मला विचाराल तर तीनतालाने सुरुवात करू नका. सोळा मात्रांत नवव्या मात्रेवरची 'खाली', म्हणजे टाळीविना जाणारी जागा, नवख्याला सापडत नाही, तो टाळ्या मोजत बसतो आणि हात आखडतो. मॉरिशसच्या सेगा संगीतात सहाचा झोका आहे, तिथल्या मुलांच्या अंगातच तो असतो. म्हणून सहा मात्रांचा दादरा घ्यायचा: धा धी ना, धा ती ना. मुलं आधी डोलतात, मग बोल आपोआप तोंडी बसतात. सेगाचं वाद्य रावान. बकऱ्याचं कातडं ताणावं म्हणून वाजवण्याआधी ते शेकोटीवर तापवतात. ते कुणाकडून तरी शिकून घ्या. आपण त्यांचं वाद्य हातात घेतलं की वर्गाचा नूर बदलतो. देवाणघेवाणीतला हा घेण्याचा भाग बरेच शिक्षक सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथे मराठी वंशाचा समाजही आहे. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातून गेलेल्या पूर्वजांची जाखडी अजून नाचली जाते. ती 'सुधारायला' जाऊ नका. खाली बसून ठेका धरा.

इंग्रजी हवीच, पण तिथली बोलीभाषा क्रिओल, तिच्यातले आकडे आणि 'हळू', 'पुन्हा', 'छान' एवढे शब्द आधी पाठ करा. दमट हवेत तबल्याचा सूर उतरतो, तेव्हा जादा पुड्या (तबल्याच्या तोंडावरची कातडी) आणि हातोडी सामानात असू द्या. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एकवीस जूनचा योग दिन या दिवसांचे कार्यक्रम अंगावर येतात, त्यांची तालीम महिनाभर आधी लावा.

मुदत संपण्याआधी एखादा स्थानिक विद्यार्थी प्राथमिक वर्ग घेण्याइतका तयार करा आणि ठेके रोमन लिपीत लिहून त्याच्या हाती द्या. पुढचा शिक्षक यायला वेळ लागू शकतो, तोवर वर्ग बंद पडू नये.