इंदुरात अंगणातले लिंबू झुडुपासारखे वाढवताना

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि लिंबाच्या मुळांना नेमके तेच सोसत नाही. म्हणून इंदुरात कागदी लिंबाचे कलम सपाट जमिनीत न लावता, वाळू व कुजलेले शेणखत मिसळून केलेल्या वीतभर उंच वरंब्यावर पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावे. कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे.

रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडावा. त्याखालून फुटणाऱ्या फांद्यांपैकी चहूकडे पसरणाऱ्या तीन-चार ठेवून, हातभर वाढल्यावर त्यांचेही शेंडे खुडावेत, म्हणजे झाड उंच न जाता घेरदार होते. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे घेर भरल्यावर हे खुडणे थांबवावे; पोह्यांवर पिळायला लिंबू हवे असेल तर हा मोह आवरावाच लागतो. सांध्याखालची फूट खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची असते, ती ताबडतोब काढावी. सरळ वर धावणारे, जाड काट्यांचे पाणसोटही बुडापासून कापावेत, मात्र भर पावसात नव्हे, कारण ओल्या जखमांतून खैऱ्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग शिरतो.

कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसल्यास जवळून पाहावे. ती बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते आणि एवढ्याशा झुडुपावरून ती हाताने वेचणे फवारणीपेक्षा सोपे जाते.