पद्मिनीचं स्टिअरिंग उतरवण्याआधी

प्रीमिअर पद्मिनीचं स्टिअरिंग व्हील मधोमध एका नटावर बसलेलं असतं. नट सोडवायचा, व्हील ओढून काढायचं, दुसरं बसवायचं. काम म्हटलं तर एवढंच. तरीही सरळ रस्त्यावर व्हील तिरकं धरून चालणाऱ्या, हॉर्न मुका झालेल्या, व्हील ज्या दांड्यावर बसतं त्या शाफ्टच्या टोकाचे आटे हातोड्याने पसरलेल्या कितीतरी पद्मिनी पाहण्यात येतात. यातलं बहुतेक नुकसान पाना लावण्याआधीच ठरलेलं असतं, कारण तयारी झालेली नसते. म्हणून हे सगळं आदल्या संध्याकाळपासून सांगतो. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट असो की १९७४ पासून पद्मिनी नावाने आलेली तीच गाडी, तयारी तीच. पार्टमध्ये वर्षागणिक थोडा फरक निघतो, त्यामुळे आपल्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल कुणाकडून तरी मिळवून हाताशी ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे व्हील का काढायचं हे पक्कं करा. आतली सळई लोखंडाची आणि वरचं आवरण कडक प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते आवरण आवळतं आणि तडकतं, बहुधा आरे जिथे कड्याला मिळतात तिथेच. भेगेतून ओल शिरली की सळई गंजते, गंज फुगतो आणि भेग आणखी उघडते. सळई शाबूत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गाडीचं स्वतःचं व्हीलच दुरुस्त करा. भेग व्ही आकारात कोरायची, गंज खरवडायचा, इपॉक्सी भरायची, घासून रंग द्यायचा. वेळ लागतो, पण हब (व्हीलचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) आणि शाफ्टची जोडी जुनीच राहते. आरा हबपाशी हलत असेल किंवा सळई गंजून बारीक झाली असेल, तर मात्र ते व्हील वापरायचं नाही.

स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे चाकं न हलता व्हील मोकळं फिरणं, वाढलाय म्हणून व्हील बदलायला निघालात तर थांबा. तो प्ले बहुतेक वेळा स्टिअरिंग बॉक्समध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये असतो, नवीन व्हीलने तो जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालू देत नाही. व्हील ४० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर कड्यावर हे अंतर साधारण साडेदहा सेंटिमीटर भरतं. चांगल्या गाडीत ते याच्या जवळपासही जाता कामा नये. कड्यावर चिकटपट्टी लावा, पुढची चाकं हलू न देता व्हील किती फिरतं ते मोजा आणि लिहून ठेवा. व्हील परत बसवल्यावर हाच आकडा पुन्हा मोजायचा आहे.

दुसरं व्हील बसवणार असाल तर ते हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. व्हील नसलेली गाडी धड ढकलताही येत नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, अशा ठिकाणी चिकाटीने फिरलं तर पद्मिनीचे पार्ट अजून मिळतात. व्हील घेताना रंग आणि चकाकी शेवटी बघा, आधी हबच्या आतले दाते बघा. ते सगळे धारदार आणि सारख्या उंचीचे हवेत. एका बाजूचे झिजलेले असतील तर ते व्हील ढिलं असताना कुणीतरी चालवलेलं आहे. मग हबच्या मागची बाजू बघा. वळण संपल्यावर इंडिकेटर परत आणणारा उंचवटा आणि हॉर्नची तांब्या-पितळेची कडी तुमच्या जुन्या व्हीलसारखीच हवी. विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा की शाफ्टवर बसलं नाही तर परत घ्यावं लागेल. दाते जुळले तर व्हील हाताने सरकत जाऊन बसतं. ठोकून बसवावं लागलं तर ते आपल्या गाडीचं नाही.

बाजारात छोटी स्पोर्ट व्हीलही मिळतात. त्यांना मधे वेगळा हब लागतो आणि त्याचे दाते जुळणं तितकंच महत्त्वाचं. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. व्यास कमी झाला की पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. मी तरी हे सुचवणार नाही.

आता आदली संध्याकाळ. हॉर्नचं बटण काढून नट उघडा करा, ब्रशने धूळ-गंज झाडा आणि नटाच्या बुडाशी, शाफ्ट आणि हब जिथे भिडतात तिथे, गंज सोडवणारं तेल मोजकं सोडा. जास्त ओतलं तर ते खाली इंडिकेटरच्या स्विचमध्ये उतरतं. रात्रभर मुरलेलं तेल सकाळी निम्मं काम करून देतं. बटण कसं निघतं ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या: कुठे ते दाबून फिरवल्यावर सुटतं, कुठे मागून बारीक स्क्रू असतात, कुठे नुसतं अडकवलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची वेळ आलीच तर टोकाला कापड गुंडाळा. जुनं प्लास्टिक एका झटक्यात टवका सोडतं आणि तसं बटण पुन्हा मिळवायला महिने जातात. हे सगळं बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच करायचं. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नच्या बटणातून फक्त अर्थिंग, म्हणजे गाडीच्या लोखंडाशी जोड, पुरं होतं. सुटी झालेली वायर लोखंडाला टेकली तर मध्यरात्री सगळी सोसायटी जागी होते.

पण बॅटरी सोडवण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम उरकून घ्या, आणि त्यात अजिबात घाई नको. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवत न्या आणि व्हीलला धक्का न लावता थांबवा. उतरून पुढची दोन्ही चाकं बघा. ती सरळ असतील तर व्हीलच्या माथ्यावर आणि समोर डॅशबोर्डवर चिकटपट्टीचे तुकडे एका रेषेत लावा, आणि सीटवर बसून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. नंतर जागेवर येऊन व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, पूर्ण फेरे मोजा आणि बरोबर मध्यावर आणून ठेवा. आता बघा, हा मध्य आणि रस्त्यावरची सरळ जागा एकच आहे का.

एकच आहे, पण व्हील तिरकं दिसतंय, तर आधीच्या फिटरने ते एखाद-दोन दाते चुकवून बसवलंय. ते या वेळी दुरुस्त करता येईल. मध्यावर व्हील सरळ आणि रस्त्यावर मात्र तिरकं, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडची लांबी बिघडली आहे, आधी अलाइनमेंट करून घ्यायला हवी. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी व्हीलच दोन दाते सरकवून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. हे चूक आहे. स्टिअरिंग बॉक्समधले वर्म (मळसूत्री आट्यांचा दांडा) आणि त्यात फिरणारा रोलर मध्यावरच सर्वांत नेमके भिडतील असं त्याचं ॲडजस्टमेंट असतं. तो मध्य सरळ रस्त्याला हवा. दाते सरकवले की गाडी सरळ धावताना बॉक्स मध्यापासून बाजूला राहतो, एकीकडे वळताना ती लवकर अडते आणि टायर झिजायचे ते झिजतातच.

ज्या जागेवर काम करणार तिथे चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक ओढा. पुढची चाकं सरळच राहू द्या. एका माणसाला मदतीला बोलवा. नट सुटताना व्हील घट्ट धरून ठेवणं हे त्याचं काम. स्टिअरिंग लॉक बसवलेलं असेल तर नटाचा जोर त्याच्यावर येऊ देऊ नका, त्याची जीभ तुटते.

हत्यारांत नटाच्या मापाचा गोटी पाना सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा जुन्या नटाचे कोपरे खातो. माप अंदाजाने धरू नका, व्हर्निअरने मोजा. लांब दांडा, टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा; नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणा) आणि मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात. सेंटर पंच किंवा पातळ पांढरा रंग, म्हणजे नट निघाल्यावर शाफ्ट आणि हबवर एकाच रेषेत खूण करता येईल. जुनं तिरकं व्हील दुरुस्त करायचं असेल तर खूण नव्या, बरोबर जागेची करायची. खूण झाली की नट पुन्हा लावा, पण आवळू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या. अडकलेलं व्हील सुटतं ते एकदम, आणि नट नसेल तर थेट ओठांवर येतं.

आणि पुलर, म्हणजे हबला पकडून मधल्या स्क्रूने व्हील ओढून काढणारं हत्यार. हातोड्याऐवजी पुलर आणा, असं मी दहांदा सांगेन. शाफ्टच्या टोकावर घातलेला प्रत्येक घाव थेट खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत उतरतो. आटे पसरतात तो तोटा निदान दिसतो. बेअरिंगच्या कड्यांत पडलेले खड्डे दिसत नाहीत, नंतर सरळ जाताना व्हीलमध्ये खरखर लागते आणि कारण कुणाला सापडत नाही. आधी हाताने कडं आळीपाळीने डावीकडून-उजवीकडून ओढून पाहायला हरकत नाही, मात्र कडं तडकलेलं असेल तर तेही नको, सळईवरून सोलून हातात येईल. पुलरचे पाय कड्याला किंवा आऱ्याला लावायचे नाहीत, हबलाच पकड हवी. मधल्या स्क्रूच्या टोकाखाली पितळेचा तुकडा ठेवा. गॅसची ज्योत इथे आणूच नका, प्लास्टिक वितळायला क्षण लागत नाही.

हॉर्नचे भाग ठेवायला पांढरं कापड अंथरलेलं ताट घ्या. स्प्रिंग, फायबरचा वायसर, कॉन्टॅक्टची चकती, स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. फायबरचा वायसर उलटा बसला किंवा राहून गेला की हॉर्न एकतर वाजत नाही नाहीतर थांबत नाही. स्प्रिंग उडणारी असते, तेव्हा सीटवर चादर टाका. बारीक एमरी पेपर कॉन्टॅक्ट घासायला, चिमूटभर ग्रीस दात्यांना आणि कडीला, नवा लॉक वायसर, आणि हॉर्नची वायर कडक झाली असेल तर तेवढी नवी वायर आधीच आणून ठेवा. रविवारी दुपारी एका वायसरसाठी काम अडू नये.

व्हील उतरलं की कॉलमच्या वरच्या टोकाचा बुश आणि डावीकडच्या गिअरच्या दांड्याची यंत्रणा नीट बघायला मिळते. शाफ्ट हाताने बाजूला हलवून बघा. हलत असेल तर बुश आत्ताच बदला.

जुनं व्हील कुणालाही देऊ नका, तडकलेलं असलं तरी. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेता येतो आणि १९७४ ची पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. त्या नियमांचा भर चेसिस, बॉडी आणि इंजिनावर आहे, व्हीलवर नाही. पण शोमध्ये परीक्षक सगळ्यात आधी दारातून डोकावतात ते व्हीलकडेच.

बसवण्याच्या दिवशी उजेड असतानाच सुरुवात करा, म्हणजे चाचणी दिवसाउजेडी होईल. नट टॉर्कने आवळला, बॅटरी जोडली की आधी उभ्या गाडीत हॉर्न वाजवा: व्हील सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. दोन्हीकडचा इंडिकेटर वळणानंतर परत येतो का बघा. प्ले पुन्हा मोजा आणि आदल्या आकड्याशी ताडा. मग ओळखीचा, रिकामा, सपाट रस्ता. तिथे व्हील सरळ आणि गाडी सरळ दिसली तरी हॉर्नचं बटण लगेच कायमचं बसवू नका. शंभरेक किलोमीटर धावल्यावर नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि मगच बटण बसवा.