इंग्लंडमध्ये लॅक्रॉस क्लब काढायचा तर: आधी कागद, मग स्टिक

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं आणि लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही, म्हणजे जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळालाही, जागा मिळाली. आपल्याकडे बातमी अर्थातच क्रिकेटची झाली. इंग्लंडमध्ये मात्र हा खेळ मुरलेला आहे. स्टॉकपोर्टचा क्लब १८७६ पासून चालू आहे. तिकडच्या शाळा-विद्यापीठांत मुलांना या खेळाची गोडी लागली आणि जवळपास क्लब नाही, म्हणून आपणच काढू या म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.

एक गोष्ट आधी तपासा. राष्ट्रीय नियामक संस्था म्हणजे इंग्लंड लॅक्रॉस. तिच्या यादीत तासाभराच्या अंतरावर एखादा क्लब सापडला, तर त्यालाच मुलांचा नवा गट सुरू करायला सांगणं जास्त शहाणपणाचं. घटना (म्हणजे क्लबची नियमावली), विमा, बँक खातं सगळं तयार मिळतं. वेगळा क्लब तेव्हाच काढा, जेव्हा तीन वेगवेगळ्या घरांतली माणसं अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार व्हायला तयार असतील. नवरा अध्यक्ष आणि बायको खजिनदार अशी जोडी चालवू नका. पैशांवर दोन स्वतंत्र माणसांची नजर हवी.

घटना

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांना हा भाग ओळखीचा वाटेल. उद्देश, सभासदत्व सर्वांना खुलं असल्याचं कलम, वर्गणी कोण ठरवणार, वार्षिक सभा, कोरम, शिस्तभंगाची पद्धत आणि विसर्जन एवढं हवंच. नमुना घटना मिळते, ती घ्या, पण ओळ न् ओळ वाचा. नेहमीची चूक कोरमची. निम्मे सभासद हजर हवेत असं लिहिलं की दुसऱ्या वर्षीच सभा तहकूब होऊ लागतात. वीस टक्के किंवा दहा जण, यांपैकी जे कमी ते, असं लिहिलं तर निभतं.

विसर्जनाच्या कलमात उरलेला पैसा सभासदांत वाटता येणार नाही, तो अशाच दुसऱ्या नोंदणीकृत हौशी क्लबला, धर्मादाय संस्थेला किंवा खेळाच्या नियामक संस्थेला जाईल, हे स्पष्ट लिहा. पुढे कर खात्याकडे सामुदायिक हौशी क्रीडा क्लब म्हणून नोंदणी करायची, तर हे कलम लागतंच. या नोंदणीने स्वतःच्या जागेवरच्या बिझनेस रेट्समध्ये (स्थानिक मालमत्ता करात) ८० टक्के सूट मिळते आणि देणग्यांवर गिफ्ट एड, म्हणजे देणगीदाराने भरलेल्या कराचा परतावा, मिळते. वर्गणीवर मात्र नाही. अटीही आहेत: सभासदाची वर्षाची वर्गणी १,६१२ पौंडांच्या वर जाता कामा नये, आणि निम्मे तरी सभासद प्रत्यक्ष खेळात भाग घेणारे हवेत. एकदा नोंदणी झाली की क्लबला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. स्वतःची जागा नाही, देणग्या किरकोळ, अशा क्लबने पहिल्या वर्षी या फंदात पडू नये.

साध्या, अनोंदणीकृत संस्थेच्या कर्जाची जबाबदारी कार्यकारिणीवर वैयक्तिकरीत्या येऊ शकते. मैदानाचा अनेक वर्षांचा करार करायचा असेल, तर सही करण्याआधी क्लबला मर्यादित जबाबदारीचं रूप द्या.

संलग्नता आणि विमा

क्रम असा ठेवा: घटना मंजूर करणारी सभा आणि तिचं इतिवृत्त, बँक खातं, बालसुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक, आणि मग इंग्लंड लॅक्रॉसकडे संलग्नतेचा अर्ज. बँका सामुदायिक खात्याला आठवडे लावतात, म्हणून सप्टेंबरचा हंगाम गाठायचा तर वसंतातच सुरुवात करा.

इथे बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. क्लब संलग्न झाला म्हणजे खेळाडूंचा विमा झाला, असं लोक धरून चालतात. क्लबची संलग्नता वेगळी, प्रत्येक खेळाडूचं आणि प्रशिक्षकाचं वैयक्तिक सभासदत्व वेगळं. ‘आज फक्त बघायला आलोय’ म्हणणारा पाहुणा किती सत्रांपर्यंत विम्यात बसतो, ते पॉलिसीत पाहून सचिवाने हजेरीच्या वहीवरच लिहून ठेवावं. प्रशिक्षक पगारी नोकर म्हणून ठेवला, तर किमान ५० लाख पौंडांचा मालक-दायित्व (एम्प्लॉयर्स लायबिलिटी) विमा कायद्याने लागतो.

मुलं येणार असतील तर

१८ वर्षांखालच्या मुलांना नियमित शिकवणाऱ्याची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची सरकारी) तपासणी विस्तृत पातळीची हवी. स्वयंसेवकांना सरकारी शुल्क नाही, मध्यस्थ संस्था प्रक्रियेचा खर्च लावू शकते. भारतातून अलीकडे आलेल्या पालकांसाठी एक मेख आहे: डीबीएसला परदेशातल्या नोंदी दिसत नाहीत. अशा स्वयंसेवकाकडून भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागा. त्याला वेळ लागतो, तोवर त्याला एकट्याकडे मुलांचा गट देऊ नका.

जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये क्रीडा प्रशिक्षकही ‘विश्वासाच्या पदा’च्या कायद्यात येतात. १६-१७ वर्षांच्या खेळाडूशी संमतीने ठेवलेला लैंगिक संबंधही प्रशिक्षकासाठी गुन्हा ठरतो. विद्यापीठातून आलेल्या तरुण प्रशिक्षकांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगा.

मैदान

पुरुषांचं पूर्ण मैदान ११० बाय ६० यार्ड, म्हणजे साधारण १००.६ बाय ५५ मीटर. हॉकीचं टर्फ ९१.४ मीटर लांब, म्हणजे लांबीत कमी. फुटबॉलचं मोठं मैदान बरं. गोल शेवटच्या रेषेवर नसतो, १५ यार्ड आत असतो आणि खेळ गोलच्या मागेही चालतो. फुटबॉलच्या सवयीने गोल थेट रेषेवर लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. गोलभोवतीचं क्रीजचं वर्तुळ ९ फूट त्रिज्येचं. गोलरेषेच्या मध्याशी खुंटी ठोकून दोरीने आखा.

ऑलिंपिकमधल्या सिक्सेस प्रकाराला ७० बाय ३६ मीटर पुरतात, तो हॉकीच्या टर्फवर आरामात बसतो. सहा-सहा खेळाडू, आठ मिनिटांचे चार डाव, चढाईला ३० सेकंद, सगळ्यांच्या स्टिक आखूड. पूर्ण मैदानावरच्या खेळाला दहा जण उतरवायचे तर दुखापती, परीक्षा, लग्नकार्यं धरून पंचवीस सभासद लागतात. सिक्सेसला बारा-चौदांत भागतं. नव्या क्लबने इथूनच सुरुवात करावी.

सामान

पुरुषांना हेल्मेट, हातमोजे, खांद्या-कोपरांचे पॅड आणि माउथगार्ड; स्त्रियांना माउथगार्ड. पुरुषांची आखूड स्टिक ४० ते ४२ इंच, बचावाची लांब ५२ ते ७२ इंच. बायकांच्या स्टिकची जाळी कमी खोल असते: चेंडूचा माथा कडेच्या वर दिसलाच पाहिजे. म्हणून दोघांसाठी एकच स्टिक घेऊन पैसे वाचत नाहीत.

सगळ्यात आधी खर्च करायचा तो गोलरक्षकावर. घशाचं संरक्षण असलेलं हेल्मेट आणि छातीचं कवच क्लबने विकत घ्यावं, उसनं नको. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा टणक रबरी चेंडू छातीवर नेमक्या क्षणी बसला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. मैदानावर डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे हे सत्र सुरू होण्याआधी पाहून ठेवा आणि ज्या खोलीत तो आहे तिची किल्ली कोणाकडे आहे हेही विचारा.

चेंडू जुने झाले की गुळगुळीत होऊन जाळीतून निसटतात. नवशिक्याला वाटतं चूक आपलीच. असे बाजूला काढा. सरावाला माणशी दोन चेंडू धरले तरी झुडपांत जाणारे वेगळे मोजावे लागतात.

लीगमध्ये नाव देण्याआधी आपल्यातल्या दोघांना पंचांचा अभ्यासक्रम करायला लावा. पंच मिळाला नाही म्हणून सामना रद्द होणं नव्या क्लबला फार महाग पडतं: भाड्याने घेतलेल्या मैदानाचे पैसे परत मिळत नाहीत.