उत्तर शेजाऱ्याच्या कार्डावर: मराठी माध्यमाच्या वर्गासाठी इंग्रजीचे खेळ

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. म्हणजे माझ्या पाचवीच्या वर्गात येणाऱ्या मुलाने चार वर्षं इंग्रजी ऐकलेलं असतं. फळांची, प्राण्यांची, रंगांची नावं त्याला येतात, कविता हातवाऱ्यांसकट पाठ असतात. पण ‘तुझी बस किती वाजता सुटते?’ एवढं शेजाऱ्याला इंग्रजीत विचार म्हटलं की मान खाली जाते. यात मुलाचा दोष नाही. पेन दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारणाऱ्या बाईंना ते पेन आहे हे माहीत असतं, आणि बाईंना माहीत आहे हे मुलालाही ठाऊक असतं. मग बोलायचं कशासाठी? म्हणून खेळ ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघते: एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नसली पाहिजे, आणि ती मिळवायला बोलावंच लागलं पाहिजे.

माझा सगळ्यात लाडका खेळ एसटीच्या वेळापत्रकाचा. पाठकोऱ्या कागदावर दोन तक्ते करा. दोन्हींत त्याच गाड्या: वाई, कराड, फलटण, महाबळेश्वर, पंढरपूर, मिरज. ‘अ’ कार्डावर पहिल्या तीन गाड्यांच्या वेळा लिहा, उरलेल्यांची जागा रिकामी सोडा. ‘ब’ कार्डावर बरोबर उलट. जोडीला पाठीला पाठ लावून बसवा, नाहीतर डोळे शेजारच्या कागदावर जातातच. फळ्यावर दोन वाक्यं हवीत: ‘व्हॉट टाइम डज द वाई बस लीव्ह?’ आणि ‘इट लीव्हज ॲट सिक्स फिफ्टीन.’ त्यांच्या खाली अडल्यावर कामाला येणारी दोन: ‘से दॅट अगेन, प्लीज’ आणि ‘हाऊ डू यू स्पेल दॅट?’ ही खालची दोन वाक्यं मला वरच्यांपेक्षा जास्त मोलाची वाटतात. ज्या मुलाला पुन्हा विचारता येतं, ते पहिल्या अडथळ्याला गप्प बसत नाही.

वेळा मुद्दाम घोटाळ्याच्या घ्या. वाई ६:१५, कराड ६:५०, मिरज ७:१३, फलटण ७:३०. फिफ्टीन की फिफ्टी, थर्टीन की थर्टी, हे मोठ्यांनाही फोनवर चुकतं. थर्टीमध्ये जोर पहिल्या अक्षरावर येतो, थर्टीनमध्ये शेवटचा ‘टीन’ जोरात आणि लांब म्हणावा लागतो. हे आधी समजावत बसू नका. जोडीतल्या एकाने ६:५० लिहिलं आणि खरी वेळ ६:१५ निघाली, की पुढच्या वेळी तीच मुलं आपणहून विचारतात, ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ खेळ अर्ध्यावर आला की फळ्यावरचा एकेक शब्द पुसत जा. आधी ‘टाइम’, मग ‘डज’, मग ‘लीव्ह’. शेवटी फळा कोरा होतो आणि वाक्यं तोंडात राहतात.

नियम मराठीत सांगितले तर चालतं का, हा प्रश्न प्रशिक्षणात हमखास निघतो. माझ्या मते चालतं. दोन वाक्यांत मराठीत सांगा, एका जोडीला पुढे बोलावून करून दाखवा आणि कामाला लावा. नियम इंग्रजीतच सांगायचे या हट्टापायी अर्धा तास गेला, तर मुलांनी बोलायचं कधी?

ज्यांना एका जागी बसवत नाही त्यांच्यासाठी धावतं श्रुतलेखन. चार ओळींचा उतारा व्हरांड्यातल्या भिंतीवर चिकटवायचा. शाळेसमोरचं कडुलिंबाचं झाड, त्यावरचे कावळे, खाली उभी असलेली सायकल, असा मुलांच्या डोळ्यांसमोरचा विषय घ्या. जोडीतला एक पळत जाऊन वाचतो, लक्षात ठेवतो, परत येऊन सांगतो, दुसरा लिहितो. पळणाऱ्याच्या हातात पेन्सिल नको आणि भिंतीजवळून ओरडून सांगणं बाद. दोन ओळी झाल्या की अदलाबदल. स्पेलिंग सांगताना इंग्रजी ‘ए’, ‘ई’ आणि ‘आय’ या अक्षरांच्या नावांत मुलं सारखी गोंधळतात, ‘जी’ आणि ‘जे’मध्येही. तेवढी पाच अक्षरं मोठी काढून भिंतीवर लावून ठेवली, तर दर वेळी बाईंकडे पळत यावं लागत नाही.

मराठी मुलांना इंग्रजी वाक्याची रचना शिकवताना नियम पाठ करून घेण्यापेक्षा मुलांनाच वाक्य करून उभं करा. तीन कार्डं: ‘द टायगर’, ‘सॉ’, ‘द फार्मर’. तीन मुलं ती छातीशी धरून ओळीत उभी राहतात, वर्ग वाचतो. आता पहिल्या आणि तिसऱ्याने जागा बदलायच्या. मराठीत ‘वाघाने शेतकऱ्याला पाहिलं’ म्हणा की ‘शेतकऱ्याला वाघाने पाहिलं’, पाहणारा वाघच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दांना चिकटून सोबत जातात. इंग्रजीत तशी सोय नाही. जागा बदलली की पाहणारा बदलला. कार्डं बदलताक्षणी शेतकऱ्याचं काम करणाऱ्याने कपाळावर हात धरून वाघाला शोधायचं, आणि पुन्हा बदलली की वाघाने. हे एकदा अंगावर घेतलं की ‘आय मँगो ईट’ लिहिणारी मुलंही थांबून विचार करू लागतात. पुढे चौथं कार्ड द्या, ‘यस्टर्डे’, आणि ते कुठे कुठे उभं राहू शकतं ते मुलांनाच शोधू द्या. टोकाला चालतं, सुरुवातीला चालतं, ‘सॉ’ आणि ‘द फार्मर’च्या मध्ये चालत नाही.

पहिली-दुसरीला बोलायची घाई करू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मांडली. मूल आधी ऐकतं, अंगाने कृती करतं, बोलणं नंतर आपोआप येतं, हा तिचा गाभा. ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’पासून सुरुवात करा आणि लवकरच ‘पुट युअर बॅग ऑन युअर हेड’वर या. न ऐकलेली, विचित्र आज्ञा पाळली तरच मुलाला कळलंय हे नक्की होतं, सवयीच्या आज्ञा ते शेजाऱ्याकडे बघून पाळतं. ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन आज्ञा द्यायच्या, पण कुणालाही ओढून आणायचं नाही.

गोंगाट होणारच. शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, जमलं तर खेळ व्हरांड्यात किंवा झाडाखाली घ्या. खेळ चालू असताना चूक सुधारायला मध्ये पडू नका. वही घेऊन जोड्यांमधून फिरा, कानावर पडलेली तीन-चार चुकीची वाक्यं टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा. ‘ही गो टू स्कूल’ दिसताच वर्गातून तीन-चार आवाज ‘गोज!’ म्हणून येतात. सगळ्यांना पटलेलं वाक्य ज्याने चुकवलं होतं तोही वहीत उतरवून घेतो.

जोड्या लावताना हुशार आणि कच्चा अशी जोडी मी शक्यतो टाळते, कारण मग एकटा हुशारच बोलतो. लावावी लागलीच, तर रिकाम्या जागा जास्त असलेलं कार्ड लाजऱ्या मुलाला द्या. प्रश्न विचारायचं काम त्याच्याकडे येतं, वाक्य फळ्यावर असतंच, आणि त्याने विचारल्याशिवाय जोडीचा तक्ता पूर्ण होत नाही.