साध्या गोळीचा चोवीस तासांचा हिशेब

मॉर्फीन या तीव्र वेदनाशामकाची एक अँप्यूल (काचेची छोटी कुपी) हवी असेल तर वॉर्डात दुहेरी कुलूप उघडावे लागते, रजिस्टरवर सही करावी लागते आणि रिकामी अँप्यूलही जपून परत द्यावी लागते. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची औषधे मात्र ट्रॉलीच्या वरच्या खणातच पडलेली असतात. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेच्या मनात नकळत असा समज घर करतो, की कुलपातले औषध तेवढे धोक्याचे आणि ट्रॉलीतले साधे. जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी सर्जिकल वॉर्डात रुजू झाले तेव्हा माझाही समज तोच होता.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंची ती दुसरी रात्र होती. वजन ४२ किलो. केसपेपरवर ते मीच लिहिले होते. दर आठ तासांनी शिरेतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल, असा आदेश होता. पहाटे तिसरी बाटली संपल्यावर मी त्यांच्या लॉकरमध्ये चमचा शोधू लागले आणि गोळ्यांच्या दोन स्ट्रिप हाती लागल्या. एकीत अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र होते, तिच्यातल्या दोन गोळ्या गेलेल्या होत्या. दुसरी तापाच्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळीची होती, तिच्यातली एक कमी होती. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही लावता ते सलाईन ना? दुखण्याला काहीच नव्हतं, म्हणून घरची साधी गोळी दिली." शंभर मिलिलिटरच्या त्या बाटलीला नातेवाईक सलाईनच समजतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मी तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली. बाटल्यांचे ३००० मिलिग्रॅम, एकत्रित गोळ्यांमधले ३२५ च्या हिशेबाने ६५० आणि तापाच्या गोळीचे ६५०, म्हणजे एकूण ४३०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादाच ४ ग्रॅम आहे आणि या बाईंना तर किलोमागे शंभर मिलिग्रॅमहून अधिक औषध गेले होते. निवासी डॉक्टरांना लगेच उठवले. पॅरासिटामॉल थांबवले गेले, यकृताच्या तपासण्या त्या दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी झाल्या, त्या सुदैवाने ठीक आल्या. तोपर्यंतचे दोन दिवस मात्र मला जड गेले, कारण या औषधाची मात्रा जास्त झाली तरी पहिल्या दिवशी रुग्णाला बहुधा थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही, आणि यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडकीस येते. उलट अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतो. म्हणून लक्षणे दिसण्याची वाट पाहायची नसते.

मुलीची चूक अजाणतेपणाची होती, माझी तशी म्हणता येणार नाही. पन्नास किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला शिरेतून देताना एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात. ४२ किलोला ते ६३० मिलिग्रॅम होतात आणि त्या बाटलीत दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असल्याने केवळ ६३ मिलिलिटर द्यायचे असतात. वजन माझ्याच अक्षरात लिहिलेले असताना मी तिन्ही वेळा डॉक्टरांना काही न विचारता पूर्ण बाटली लावली. तेव्हापासून उरणारे औषध मी आधीच काढून टाकते आणि मगच बाटली टांगते. औषध जाईपर्यंतची पंधरा मिनिटे कॉटजवळच थांबते, कारण कडक बाटलीला हवेची सुई टोचलेली असेल तर शेवटी नळीतून हवा आत जाण्याचा धोका असतो. लहान मुलांत मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर वाचले गेले तर मात्रा थेट दहापट होते, हेही याच बाटलीबाबत लक्षात ठेवावे.

मुलांच्या पातळ औषधांत घोटाळ्याला आणखी वाव आहे. ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला कुठे १२०, कुठे २५०. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे झाल्यास ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर पुरतात आणि २५० च्या सिरपचे ३ मिलिलिटर होतात. "चमचाभर द्या" असे आईला कधीही सांगू नये. बाटली हातात घेऊन, सिरिंजवर रेघ दाखवूनच सांगावे.

आता डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोरोलॅक या गटाकडे वळते. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनाची निर्मिती रोखून वेदना आणि सूज कमी करतात; पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचे अस्तर सांभाळत असते आणि शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून ठेवत असते. मूत्रपिंडावरचा परिणाम विद्यार्थिनींना समजावताना मी गिधाडांची गोष्ट सांगते. डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन हजारोंनी मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणसांसाठीच्या मोठ्या कुपीही गोठ्यात पोहोचत राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरते ठेवले गेले. ट्रॉलीतल्या त्या छोट्या अँप्यूलमागे एवढा इतिहास आहे. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नसले, तरी जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या किंवा रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत त्याची परीक्षा पाहू नये.

म्हणून औषध हातात घेण्याआधी मी काही प्रश्न विचारते, तेही रुग्णाच्या बोलीत. दम्याचा पंप वापरता का आणि दुखण्याच्या गोळीने कधी धाप लागली होती का? शौचाला डांबरासारखी काळी होते का? (लोहाच्या गोळीनेही काळसर होते, हे लक्षात ठेवून पुढचा प्रश्न विचारावा.) रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? बाई गरोदर असेल तर कितवा महिना? विसाव्या आठवड्यानंतर हा गट शक्यतो टाळतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर देतच नाहीत. उत्तरात काही खटकले तर मात्रा हातात ठेवून आधी डॉक्टरांना फोन करायचा.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. डेंग्यूचा नुसता संशय असला तरी अ‍ॅस्पिरिन आणि हा संपूर्ण गट बाजूला ठेवतात, कारण प्लेटलेट आधीच घसरत असतात आणि रक्तस्रावाची भीती असते. तापाला आणि दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. पण अंग मोडून आलेला माणूस "सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही" असे म्हणत हटून बसतो आणि नातेवाईक आपल्याला निर्दयी ठरवतात. तिथे वाद न घालता, या तापात त्या सुईने रक्त वाहू शकते, असे मी स्पष्ट सांगते. बहुतेक जण गप्प बसतात.

एरवी डायक्लोफेनॅकची सुई द्यायचीच असेल तेव्हा ७५ मिलिग्रॅम खोल स्नायूत, नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात द्यावे. दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि दोन दिवसांनंतर तोंडाने घेण्याच्या औषधावर आणावे. टोचताच असह्य कळ येऊन कातडी पांढरी-निळी पडली तर "दुखणारच हो" म्हणून निघून जाऊ नये. तिथल्या कातडीचा आणि स्नायूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. किटोरोलॅक सर्व मार्गांनी मिळून पाच दिवसांपलीकडे देत नाहीत आणि या गटातली दोन औषधे एकाच वेळी देत नाहीत.

ट्रॅमाडॉलबद्दल नव्या मुली हमखास चुकतात. ते डायक्लोफेनॅकच्या शेजारी लिहिलेले दिसते, पण ते मॉर्फीनसारखे अफूवर्गीयच आहे आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. त्याच्यासाठी श्वास आणि गुंगी पाहण्याचे निकष वेगळे असतात.

औषध दिल्यावर शिरेतून असेल तर अर्ध्या तासाने आणि गोळी असेल तर तासाभराने पुन्हा कॉटजवळ जावे. शून्य ते दहा हा आकडा विचारावाच, पण रुग्णाचा शब्दही लिहून ठेवावा. ठणकते, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, ही सगळी दुखणी एकाच औषधाची नसतात. आग आणि मुंग्या म्हटल्या की डॉक्टर कदाचित गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या, गुंगी आणणाऱ्या औषधाचा विचार करतील आणि मग रुग्ण झोपेत उठून पडणार नाही, ही काळजी आपल्याकडे येते. प्लास्टरमधला पाय औषध देऊनही वाढत्या जोराने दुखत असेल आणि बोटे हलवताच रुग्ण ओरडत असेल, तर पुढची मात्रा न शोधता डॉक्टरांना तातडीने बोलवावे.

ड्यूटी सोपवताना आता मी प्रत्येक कॉटपाशी थांबून शेवटच्या मात्रेची वेळ आणि चोवीस तासांत गेलेले एकूण पॅरासिटामॉल वाचून दाखवते. मग "घरची काही गोळी आहे का?" असे विचारून, नातेवाईकांच्या परवानगीने लॉकर उघडून पाहते.